विलोची सोयरीक

वॉलकॉट आणि फिश क्रीक ही सख्खी बहीण-भावंडं. न्यूयॉर्क राज्यातल्या विलो-पैदाशीच्या नोंदींत दोघं ९८८२ या एकाच क्रमांकाखाली सापडतात. भाऊ फिश क्रीक चौतिसावा, बहीण वॉलकॉट एकेचाळिसावी. आईला नाव नाही, नुसता आकडा आहे, ९४००६. बापही तसाच, ९४००१. जात सॅलिक्स पर्प्युरिया, म्हणजे जांभळट डहाळ्यांची झुडुपी विलो. टोपल्या विणायला म्हणून ती युरोपातून अमेरिकेत नेली गेली आणि तिथल्या ओढ्यांकाठी कोणी न लावताही वाढू लागली. पुढे संशोधकांनी या बहीण-भावाचंच लग्न लावलं आणि त्यांची शेकडो पोरं शेतात ओळीनं उभी केली.

हे लग्न लागतं काचघरात. थंडीत झाड निजलेलं असताना फुलकळ्यांच्या डहाळ्या कापून आणतात आणि पाण्याच्या भांड्यांत उभ्या करतात. ऊब लागली की कळीवरचं टोपण सुटतं. विलोच्या कळीला एकच खवला असतो, त्यामुळे ते खरोखरच टोपणासारखं अखंड निघून येतं. आतून राखाडी, लवदार मंजिरी बाहेर पडते. नराच्या मंजिरीत परागकोश आधी लालसर-जांभळे दिसतात आणि फुटले की पिवळे होतात. पर्प्युरियात दोन पुंकेसरांचे तंतू एकमेकांना चिकटून एकच झालेले असतात, ही त्या जातीची खूण. मादीच्या मंजिरीत पाकळ्या नाहीत, रंग नाही. लवदार हिरवट किंजपुटांची दाटी आणि प्रत्येकाच्या बुडाशी मधाची एक बारीकशी ग्रंथी. ब्रशनं पराग फिरवायचा आणि वाट बघायची. काही आठवड्यांत बोंडं उकलतात, कापूस सुटतो. त्यातलं बी मोहरीपेक्षाही लहान, आत साठवलेलं अन्न जवळजवळ नाहीच. ओल्या मातीवर टाकलं तर एका दिवसात अंकुरतं, कोरडं ठेवलं तर थोड्याच दिवसांत मरतं.

पण लग्न बहिणीचं भावाशीच का? कारण आनुवंशिकतेचा हिशोब दुसऱ्या पिढीत उलगडतो. मेंडेलला वाटाणे मिळाले हे त्याचं नशीब. वाटाण्याच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, फूल स्वतःलाच फळवतं, आणि संकराची पुढची पिढी फुकटात हाती येते. विलोत ती सोय नाही. झाड एकतर नर, नाहीतर मादी. स्वफलनाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे सख्ख्या भावंडांचा संबंध, तेव्हा तोच घडवून आणायचा. मेंडेलला विलो ठाऊक होती. ब्रेस्लाऊच्या माक्स विखुरानं विलोच्या जातींचे संकर करून करून सहा-सहा जाती एकाच झाडात आणल्या होत्या, आणि हे संकर शुद्ध जातींसारखेच पुढे चालतात असं त्याचं निरीक्षण होतं. मेंडेलनं १८६६ च्या निबंधात याचा उल्लेख केला आहे. आपल्या वाटाण्यांशी न जुळणारी गोष्ट त्यानं दडवली नाही, याचं मला कौतुक वाटतं.

विलोच्या जाती साडेतीनशेच्या वर आहेत आणि जवळपास सगळ्या विभक्तलिंगी. आपल्याकडे सह्याद्रीतल्या नद्या-ओढ्यांच्या काठी वाळुंज दिसतो, तोही विलोच. हिवाळ्यात फुलला की कळतं कोण नर आणि कोण मादी. एरवी पानांवरून, सालीवरून काही पत्ता लागत नाही. पपई लावणाऱ्या शेतकऱ्याला हा त्रास चांगला माहीत आहे. फूल येईपर्यंत रोप पोसायचं आणि नर निघाला की उपटायचा. सपुष्प वनस्पतींत असं वेगळं लिंग ठेवणाऱ्या जाती शंभरात पाच-सहाच. बाकीच्यांनी एका फुलात नाहीतर निदान एका झाडात दोन्ही बिऱ्हाडं मांडली आहेत. मग विलोनं हा खर्च का पत्करला? निम्मी झाडं बी धरणारच नाहीत, हा लहान खर्च नव्हे.

याचं नेहमीचं उत्तर असं, की वेगळं लिंग असलं की स्वफलन होऊ शकत नाही, आणि स्वफलनाचा तोटा मोठा असतो. हे उत्तर चार्ल्स डार्विननं आपल्या अंगणात तपासलं होतं. अकरा वर्षं त्यानं रोपं स्वफलित आणि परफलित अशी जोडीनं वाढवली, उंची मोजली, बिया मोजल्या. १८७६ साली आलेल्या त्या जाडजूड पुस्तकाचा निष्कर्ष साधा आहे: परफलित रोपं बहुतेक वेळा उंच आणि जोमदार निघतात. या प्रश्नात त्याचा जीव गुंतायला घरचं कारण होतं. त्याची बायको एमा ही त्याची मामेबहीण, आईच्या सख्ख्या भावाची मुलगी. महाराष्ट्रात या नात्याला कोणी नाक मुरडणार नाही, उलट मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क समजणारी घरं अजून आहेत. डार्विनच्या दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. आपल्या नात्यामुळे तर मुलं नाजूक निघाली नाहीत ना, ही शंका त्याला छळत राहिली. १८७१ च्या जनगणनेत चुलत-मामे भावंडांच्या लग्नांचा प्रश्न घालावा म्हणून त्यानं खटपटही केली. ब्रिटिश संसदेनं ती सूचना फेटाळली.

नात्यातल्या लग्नानं नेमकं काय होतं याचं गणित अमेरिकेच्या सीवॉल राइटनं १९२२ साली मांडलं. अमेरिकी कृषिखात्यात १९०६ पासून गिनीपिगांच्या भावंडांचेच संबंध पिढ्यान्‌पिढ्या घडवले जात होते. ती वंशावळ राइटच्या हाती आली. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असण्याची शक्यता किती? स्वफलनात ती एक द्वितीयांश येते. सख्ख्या भावंडांच्या संततीत एक चतुर्थांश, काका-पुतणीच्या किंवा मामा-भाचीच्या संततीत एक अष्टमांश, मामे-आते भावंडांच्या संततीत एक षोडशांश. दोष असलेल्या प्रती बहुधा सुप्त असतात. जोडीची धडकी प्रत त्यांचं काम भागवून नेते. पण दोन्ही प्रती त्याच दोषाच्या आल्या की झाकलेलं उघडं पडतं. रोप खुरटतं, बी रुजत नाही, पानं फिकी पडतात.

विलोनं यातला एक द्वितीयांशाचा धोका लिंगं वेगळी ठेवून टाळला. एक चतुर्थांशाचा टाळलेला नाही. एकाच मादीचा कापूस उडून एकाच वाळूच्या बेटावर उतरला तर तिथं वाढणारी झाडं एकमेकांची भावंडंच. तीन-चार वर्षांत ती फुलतील, आणि पराग वाहणाऱ्या माशीला गोत्र विचारता येत नाही. त्यामुळे 'वेगळं लिंग म्हणजे अंतःप्रजनन बंद' हे वाक्य पाठ्यपुस्तकात जितकं ठाशीव दिसतं तितकं ते नदीकाठी टिकत नाही.

आता वॉलकॉट आणि फिश क्रीकच्या पोरांकडे येऊ. या कुळावर आणि पर्प्युरियाच्या इतर झाडांवर झालेल्या अभ्यासातून २०१८ मध्ये स्पष्ट झालं, की या जातीत लिंगाचा निर्णय पंधराव्या गुणसूत्रावर होतो. विलोच्या गुणसूत्रांच्या एकोणीस जोड्या. त्यांतल्या पंधराव्या जोडीत मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू, नराकडे दोन्ही झेड. माणसाच्या उलट, कोंबडीसारखं. आपल्यात मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूवर ठरतं, इथे आईच्या बीजांडावर. डब्ल्यू आला तर मुलगी, झेड आला तर मुलगा.

डब्ल्यू हा आईकडून मुलीला आणि मुलीकडून नातीला जातो, स्त्रीधनासारखा. मुलाच्या हाती तो कधीच पडत नाही. म्हणून परागात डब्ल्यू असूच शकत नाही, आणि ज्या झाडाकडे दोन डब्ल्यू आहेत असं झाड निपजणारच नाही, मग तुम्ही भाऊ-बहिणींचे संबंध शंभर पिढ्या घडवा. बाकीची अठरा गुणसूत्रं अशा संबंधांत पिढीगणिक एकसारखी होत जातात. उंदरांच्या प्रयोगशाळेत वीस पिढ्या भावंडांचे संबंध झाले की त्या वाणाला शुद्ध म्हणतात, कारण तोवर दोन्ही प्रती जवळजवळ सगळीकडे एक झालेल्या असतात. डब्ल्यूचा लिंगनिश्चितीचा तुकडा मात्र तेव्हाही एकटाच. अख्ख्या जनुकसंचात एवढीच जागा अशी, जिथं अंतःप्रजननाला शिरकाव नाही.

हे ऐकायला सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात ही त्या जागेची शिक्षा आहे. नात्यातल्या लग्नाचा एक कडू फायदा असतो. दोष उघडे पडतात, दोषी रोपं मरतात आणि वंशातून तो दोष थोडा कमी होतो. डब्ल्यूवरचा सुप्त दोष असा कधी उघड्यावर येतच नाही, त्याच्यासमोर नेहमी झेडची चांगली प्रत उभी असते. शिवाय या तुकड्यात झेड आणि डब्ल्यू एकमेकांशी जनुकांची अदलाबदल करत नाहीत. केली तर मादीपण ठरवणारा भाग झेडवर जाईल आणि सगळाच घोळ होईल. अदलाबदल नाही म्हणजे दुरुस्ती नाही. मोडलेलं जनुक मोडलेलंच राहतं, शेजारी दुसरं मोडतं. माणसाच्या वाय गुणसूत्राचं काय झालं ते बघा. एक्सवर आठशेच्या वर जनुकं, वायवर शंभराच्या आसपास, आणि त्यातही बरीचशी त्याच त्या जनुकांच्या नकला.

या हिशोबानं विलोचं लिंगगुणसूत्र पार झिजलेलं असायला हवं होतं. विलो आणि पॉपलर ही एकाच कुळातली झाडं, दोघंही विभक्तलिंगी, आणि दोघांचे रस्ते फुटून पाच कोटी वर्षं तरी झाली असावीत. पण स्वीडनमध्ये सॅलिक्स विमिनॅलिस या जातीचा अभ्यास झाला तेव्हा झेड आणि डब्ल्यू अजून एकमेकांच्या ओळखीचे निघाले. लिंगभेद जुना आणि लिंगगुणसूत्र कोवळं! याचा अर्थ एकच. लिंग ठरवण्याचं ठाणं हललेलं आहे, आणि एकदाच नव्हे.

पुरावा जातीगणिक समोर आला. पर्प्युरिया आणि विमिनॅलिसमध्ये ठाणं पंधराव्या गुणसूत्रावर, झेड-डब्ल्यू पद्धतीनं. अमेरिकेतल्या काळ्या विलोत, सॅलिक्स नायग्रात, ते सातव्यावर, आणि पद्धत आपली माणसांची, एक्स-वाय. पंधराव्यावर पण एक्स-वाय पद्धतीनं चालणाऱ्या विलोही आहेत. पॉपलरमध्ये ते सहसा एकोणिसाव्यावर. तिथंही बहुतेक जाती एक्स-वायच्या आणि पांढरा पॉपलर झेड-डब्ल्यूचा.

एवढी फिरवाफिरव, पण फिरणारं जनुक एकच. त्याचं प्रयोगशाळेतलं नाव एआरआर१७. सायटोकायनिन नावाच्या वनस्पती-संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांपैकी ते एक. ते चालू असलं की फूल मादीचं, बंद असलं की नराचं. जर्मनीतल्या थ्युनेन संस्थेच्या मंडळींनी २०२० मध्ये हे हातात धरून दाखवलं. अ‍ॅस्पेन, म्हणजे पॉपलरचीच एक जात, तिच्या मादी रोपांत त्यांनी क्रिस्पर या जनुक-कात्रीनं हे एकच जनुक तोडलं. लवकर फुलावीत म्हणून ती रोपं आधीच बदललेली होती, नाहीतर अ‍ॅस्पेनच्या फुलांसाठी काही वर्षं थांबावं लागलं असतं. फुलं आली ती नराची.

एक्स-वाय जातींत काय होतं तेही यातून सुटलं. वायवर या जनुकाच्या अर्धवट, उलटसुलट जोडलेल्या नकला पडलेल्या असतात. त्यांपासून आरएनएचे बारीक तुकडे तयार होतात, ते मूळ जनुक शोधून त्याला गप्प करतात, आणि झाड नर होतं. झेड-डब्ल्यू जातींत उलट. तिथं डब्ल्यूवर जनुकाच्या आख्ख्या, बोलक्या नकला असतात आणि झेडवर नसतात. मोडकी नकल ज्या गुणसूत्रावर जाऊन पडेल ते वाय होणार आणि धडकी नकल जिथं पडेल ते डब्ल्यू होणार, एवढा हा साधा कारभार आहे. नवीन ठिकाणी पडलेली नकल म्हणजे नवीन, ताजं लिंगगुणसूत्र. जुनं, झिजू लागलेलं पुन्हा साध्या गुणसूत्रांच्या पंगतीत बसतं आणि त्याची अदलाबदल-दुरुस्ती सुरू होते. विलो झिजेतून सुटतात त्या बहुधा अशा.

जनुकसंच वाचणाऱ्यांची इथं एक गंमत झाली. झाडांपैकी सर्वांत आधी, २००६ साली, जनुकसंच वाचला गेला तो कॅलिफोर्निया-वॉशिंग्टनकडच्या ब्लॅक कॉटनवुड या पॉपलरचा. निवडलेलं झाड मादी होतं. एक्स-वाय जातीत मादीकडे वाय नसतोच, म्हणजे ज्यानं नर ठरतो तो भागच त्या पहिल्या वाचनात आला नाही. पर्प्युरियाच्या वेळी हे टाळलं गेलं. आई ९४००६ आणि मुलगा फिश क्रीक या दोघांचाही जनुकसंच वाचला गेला.

आईच्या डब्ल्यूवर आणखी एक नवल सापडलं. तिथला मजकूर काही ठिकाणी 'नवजीवन'सारखा, पुढून आणि मागून सारखाच, आणि या आरशातल्या जोड्यांतच एआरआर१७ च्या नकला बसलेल्या. माणसाच्या वायवरही अशा आठ मोठ्या जोड्या आहेत, २००३ मध्ये त्या प्रथम नीट वाचल्या गेल्या. समोर जोडीदार नसेल तर गुणसूत्र स्वतःच्याच उलट्या प्रतीवरून दुरुस्ती करून घेतं. माणूस आणि विलो यांनी ही युक्ती एकमेकांपासून शिकलेली नाही. दोघांची अडचण सारखी होती, तोडगाही सारखा निघाला.

झाडाचं लिंग हा आपल्या देशात एकदा कोर्टातलाही विषय झाला आहे. काश्मीरमध्ये ज्याला रशियन पॉपलर म्हणतात ते झाड मुळात अमेरिकेतलं, रशियाशी त्याचा संबंध नाही. मे महिन्यात त्याचा कापूस श्रीनगरभर उडतो, लोक शिंकतात, आणि दोष कापसाला दिला जातो. उच्च न्यायालयाच्या आदेशानं २०१५ मध्ये या झाडाच्या माद्या तोडायची मोहीम निघाली. कापूस म्हणजे बियांचे केस. वावडं येतं ते सहसा परागांचं. पराग नर सोडतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

लिंगासाठी एवढं सगळं झाडानं केलं, आणि माणसानं ते एका छाटणीत बाजूला सारलं. विलोची काडी ओल्या मातीत खोचली की मुळं धरते. बी कशाला, सोयरीक कशाला? क्रिकेटच्या इंग्लिश विलो बॅटची झाडं अशी काड्यांवरूनच वाढवतात, बहुतेक मादी झाडांच्या. एसेक्स-सफोकमध्ये लाकडाला डाग पाडणारा जीवाणूचा रोग येतो तेव्हा एकाला झाला तो सगळ्यांना होऊ शकतो, म्हणून रोगट झाड तोडून जाळायचे सरकारी आदेश आहेत. जन्मभर झुकून उभी राहणारी शोभेची विलो घ्या. लिनीयसनं १७५३ मध्ये तिला बॅबिलोनचं नाव दिलं, बायबलमधल्या नदीकाठच्या झाडांच्या आठवणीनं. ती झाडं बहुधा फरात नदीचा पॉपलर असावीत. ही विलो चीनची. युरोपभर पसरलेली जुनी झुकती झाडं बहुतेक माद्या होत्या. जोडीदार नव्हता, आणि पसरायला त्याची गरजही पडली नाही.

याचं टोक गाठलं न्यूझीलंडनं. तिथल्या नद्यांचे काठ धरून ठेवायला वसाहतवाल्यांनी क्रॅक विलो आणली. हिची डहाळी कटकन मोडते आणि प्रवाहात वाहत जाऊन खाली कुठंतरी रुजते. न्यूझीलंडमधली ही झाडं जवळपास सगळी नर. मैलोन्‌मैल काठ त्यांनी व्यापला, एकही बी न करता. मग २०१३ मध्ये तिथं विलोवरचा मोठा मावा पोचला. पाच-सहा मिलिमीटरचा, पाठीवर एक काळं शिंग, सालीवर हजारोंच्या थव्यानं बसणारा. या माव्यात आजवर जगात कुठंही नर सापडलेला नाही. माद्या फळल्यावाचून माद्यांनाच जन्म देत राहतात. म्हणजे एकाच छापाच्या नर झाडांवर एकाच छापाच्या माद्या रस पीत बसल्या, आणि दोन्हीकडे लिंग नुसतं नावापुरतं उरलं.

मधमाशीवाल्यांना याचा फटका बसला. वसंतातला पहिला पराग देणारं झाड म्हणून विलो त्यांची लाडकी, पण माव्याच्या गोड चिकट विष्ठेवर गांधीलमाश्या जमू लागल्या, आणि मधमाश्यांनी ती गोळा केली तर मध पोळ्यातच दगडासारखा गोठू लागला. तोडगा म्हणून कॅलिफोर्नियातून एक चिमुकली परजीवी गांधील आणून २०२० मध्ये सोडली गेली. ती माव्याच्या पोटात अंडं घालते. तिचीही लिंगाची रीत वेगळीच. फळलेल्या अंड्यातून मादी निघते, न फळलेल्यातून नर, आणि कोणतं अंडं फळवायचं ते आई अंडं घालताना ठरवते.